ठाऊक होते, पण पोहोचले नाही: ब्रिटिश नौदल गुप्तवार्ता विभागाची कहाणी

१/
३१ मे १९१६. दुपारचे साडेबारा वाजले होते. ब्रिटनचे 'ग्रँड फ्लीट' हे बलाढ्य आरमार उत्तर समुद्रातून जर्मनीच्या रोखाने निघाले होते. तेवढ्यात सरसेनापती ॲडमिरल जॉन जेलिको यांच्या हाती लंडनहून आलेला एक बिनतारी संदेश पडला. जर्मन ध्वजनौका सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जेड उपसागरातील आपल्या तळावरच आहे, असे त्यात म्हटले होते. शत्रू अजून घरातच आहे, तर घाई कशाला? जेलिको यांनी इंधन राखत, बेताच्या वेगाने वाटचाल चालू ठेवली. प्रत्यक्षात जर्मन आरमार त्या दिवशी पहाटेच तळ सोडून बाहेर पडले होते.

२/
ही चूक हेरांची नव्हती. ज्या इमारतीतून तो संदेश निघाला, त्याच इमारतीत बसलेल्या काही माणसांना जर्मनांची ती युक्ती नीट ठाऊक होती. त्यांना कोणी पुरते विचारलेच नाही. वाचकहो, आजचा हा धागा ब्रिटिश नौदल गुप्तवार्ता विभागाच्या सुमारे ऐंशी वर्षांच्या इतिहासाविषयी आहे. शत्रूची गुपिते मिळवणे अवघड असते, हे आपण जाणतोच. मिळालेले गुपित निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत वेळेवर आणि अर्थासह पोहोचवणे हे त्याहून अवघड असते. या विभागाची सारी रचना याच एका प्रश्नाभोवती घडली, बिघडली आणि पुन्हा घडली.

३/
प्रारंभ १८८२ चा. तोवर जगातील सर्वांत मोठ्या नौदलाकडे परदेशी आरमारांची माहिती पद्धतशीरपणे गोळा करणारी स्वतंत्र यंत्रणाच नव्हती. ब्रिटिश नौदलाचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयास 'ॲडमिरल्टी' म्हणत. तेथे त्या वर्षी 'फॉरिन इंटेलिजन्स कमिटी' नावाची छोटी समिती नेमण्यात आली. तिचे प्रमुख होते कॅप्टन विल्यम हेन्री हॉल. त्यांच्या मुलाचे नाव पुढे याच विभागाच्या इतिहासात वडिलांपेक्षा मोठे व्हायचे होते. त्याची गाठ आपल्याला पुढे पडेल.

४/
१८८७ मध्ये या समितीचे रूपांतर 'नेव्हल इंटेलिजन्स डिपार्टमेंट' या विभागात झाले आणि हॉल त्याचे पहिले संचालक झाले. ॲडमिरल्टी मंडळाचे सदस्य लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी या विभागासाठी आग्रह धरला होता. नव्या विभागाच्या दोन शाखा होत्या. एक परदेशी नौदलांची माहिती जमवणारी. दुसरी युद्ध सुरू झाल्यास आपली जहाजे, माणसे आणि कोळसा कसा सज्ज करायचा याची आखणी करणारी. माहिती आणि तयारी एकाच छपराखाली ठेवण्याचा हा विचार त्या काळाच्या मानाने शहाणपणाचा होता. मात्र खर्च कापणाऱ्यांना तो पटला नाही. विभागातील अधिकाऱ्यांचे वेतन घटवले गेले आणि त्याच्या निषेधार्थ बेरेसफर्ड यांनी १८८८ मध्ये राजीनामा दिला.

५/
त्या काळातील 'गुप्तवार्ता' म्हणजे काय? वेषांतर केलेले हेर फार थोडे. बहुतेक माहिती उघड्यावरच पडलेली असे. परदेशी वर्तमानपत्रे, संसदेत मांडलेली अंदाजपत्रके, जहाजबांधणीच्या गोद्यांमधील हालचाली, राजदूतावासांत नेमलेल्या नौदल अधिकाऱ्यांची पत्रे आणि परदेशी बंदरांत गेलेल्या कप्तानांचे अहवाल, असा हा पसारा. कोणत्या देशाच्या कोणत्या जहाजावर किती तोफा आहेत, चिलखत किती जाड आहे, वेग किती आहे, याच्या नोंदी जुळवणे हे कारकुनी चिकाटीचे काम होते. शांततेच्या काळात ही पद्धत पुरेशी होती. युद्धात मात्र काल शत्रू कोठे होता यापेक्षा आत्ता या घटकेला तो कोठे आहे, हे समजावे लागते. ते कळण्याचे साधन अजून जन्मायचे होते.

६/
ते साधन म्हणजे बिनतारी यंत्र. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ब्रिटनने समुद्रतळावरील जर्मनीच्या तारा तोडल्या. त्यामुळे जर्मनीला दूरच्या संदेशांसाठी बिनतारी यंत्राचा किंवा दुसऱ्या देशांच्या तारांचा आधार घ्यावा लागला. त्यातच जर्मन आरमार स्वतःच्या जहाजांशी बिनतारी यंत्रावरून सढळपणे बोलत असे. हवेतून जाणारा संदेश कोणालाही ऐकता येतो. फक्त तो सांकेतिक भाषेत असतो. लवकरच ॲडमिरल्टीच्या टेबलांवर न समजणाऱ्या जर्मन संदेशांचे ढीग साचू लागले.

७/
गुप्तवार्ता विभागाचे तेव्हाचे संचालक हेन्री ऑलिव्हर यांनी हे ढीग नौदल शिक्षण खात्याचे प्रमुख सर आल्फ्रेड युइंग यांच्या हवाली केले. युइंग यांनी माणसे जमवली तीही शिक्षकी पेशातली. नौदल महाविद्यालयात जर्मन शिकवणारे ॲलिस्टर डेनिस्टन हे त्यांतले एक. पुढे केंब्रिजचे ग्रीक पंडित डिली नॉक्स आले, प्रकाशन व्यवसायातले नायजेल डी ग्रे आले, विल्यम माँटगोमेरी हे धर्मशास्त्राचे अभ्यासकही आले. भाषा जाणणारी, कोडी सोडवण्याचा नाद असलेली ही मंडळी. समुद्र मात्र बहुतेकांना परका होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. कथेतील पुढचा पेच इथूनच सुरू होतो.

८/
नशिबानेही त्यांना हात दिला. २६ ऑगस्ट १९१४ रोजी 'माग्डेबुर्ग' ही जर्मन क्रूझर एस्टोनियाच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढली आणि तिच्यावरील संकेतपुस्तके रशियनांच्या हाती लागली. त्यांतली एक प्रत त्यांनी ऑक्टोबरमध्ये लंडनला पोहोचवली. व्यापारी जहाजांशी बोलण्याचे दुसरे संकेतपुस्तक ऑस्ट्रेलियात पकडलेल्या एका जर्मन जहाजावर सापडले. तिसरे तर ३० नोव्हेंबरला एका ब्रिटिश मच्छीमार नौकेच्या जाळ्यात आले: बुडालेल्या जर्मन टॉर्पेडो नौकेवरून समुद्रात टाकलेली शिशाची पेटी! चार महिन्यांत तीन संकेतपुस्तके. जर्मन नौदलाचे बोलणे आता लंडनमध्ये वाचता येऊ लागले.

९/
ही मंडळी ॲडमिरल्टीच्या जुन्या इमारतीतील चाळीस क्रमांकाच्या खोलीत बसू लागली आणि 'रूम ४०' हेच त्यांचे नाव झाले. गुपित फुटू नये म्हणून नियम कडक करण्यात आले. उलगडलेला संदेश मोजक्याच अधिकाऱ्यांपुढे जाई. आता नौदलाच्या युद्ध मंडळाचे प्रमुख झालेले ऑलिव्हर बहुतेक संदेशांचा मजकूर स्वतः लिहीत. रूम ४० चे काम एवढेच: संदेश उलगडा आणि द्या. त्याचा अर्थ काय, शत्रू पुढे काय करील, यावर मत देणे त्यांच्याकडून अपेक्षित नव्हते. कागदोपत्री रूम ४० गुप्तवार्ता विभागात येतही नव्हती. म्हणजे डोळे एका खोलीत, मेंदू दुसऱ्या खोलीत आणि मधला दरवाजा बंद.

१०/
सुरुवातीला या व्यवस्थेचे दोष जाणवले नाहीत. जानेवारी १९१५ मध्ये जर्मन युद्धनौका डॉगर बँककडे निघणार असल्याचे रूम ४० ला आदल्या दिवशीच कळले. २४ जानेवारीच्या सकाळी ब्रिटिश ताफा तेथे वाट पाहत होता आणि त्या लढाईत जर्मनीची 'ब्ल्यूखर' बुडाली. यश मिळाले की व्यवस्थेतील भेगा कोणी तपासत नाही. ॲडमिरल्टीतही तेच घडले.

११/
आता पुन्हा ३१ मे १९१६ कडे येऊ. जर्मन आरमार बाहेर पडणार, ही सूचनाही रूम ४० नेच दिली होती; त्यामुळेच ग्रँड फ्लीट आदल्या रात्री निघू शकले. रूम ४० मधील विल्यम क्लार्क यांनी नोंदवून ठेवलेली हकिकत अशी: दुपारी मोहीम विभागाचे प्रमुख कॅप्टन टॉमस जॅक्सन खोलीत आले. 'डीके' ही संकेतखूण कोठून ऐकू येते, एवढेच त्यांनी विचारले. उत्तर मिळाले, जेडमधून. ते निघून गेले. 'डीके' ही जर्मन सरसेनापती शेअर यांची बंदरातली खूण होती. समुद्रावर निघताना ते ती किनाऱ्यावरील केंद्राकडे सोपवत आणि स्वतः दुसरी वापरत. खोलीतील माणसांना हे ठाऊक होते.

१२/
अलीकडच्या काही अभ्यासकांनी या हकिकतीच्या तपशिलांवर शंका घेतली आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती ध्यानात ठेवावी. परंतु जेलिको यांना गेलेला चुकीचा संदेश हा नोंदलेला पुरावा आहे. दुपारी दोननंतर दोन्ही आरमारांच्या आघाडीच्या तुकड्या भिडल्या. पाच वाजण्यापूर्वी, लंडनच्या म्हणण्यानुसार तळावर असलेले जर्मन मुख्य आरमार ब्रिटिश टेहळणी क्रूझरच्या नजरेसमोर उभे राहिले. जेलिको यांच्या मनातील ॲडमिरल्टीच्या बातमीविषयीचा विश्वास त्या क्षणी ढासळला.

१३/
खरी किंमत रात्री मोजावी लागली. शेअर अंधारात हॉर्न्स रीफच्या मार्गाने घरी निसटणार होते. पहाटे त्या भागाची हवाई जहाजांनी टेहळणी करावी, अशी त्यांची मागणी रूम ४० ने रात्रीच उलगडली. परतीचा मार्ग त्यातून उघड होत होता. हा संदेश जेलिको यांच्याकडे पाठवलाच गेला नाही. शत्रूची दिशा सांगणारा दुसरा संदेश गेला, पण दुपारच्या अनुभवाने पोळलेल्या जेलिको यांनी त्यावर भरवसा ठेवला नाही. जर्मन आरमार सुखरूप परतले. जटलंडच्या या लढाईत ब्रिटनची १४ जहाजे बुडाली आणि ६,०९४ माणसे मेली. जर्मनीची ११ जहाजे आणि २,५५१ माणसे. अचूक बातमी हाती असूनही निर्णायक संधी निसटली.

१४/
याच वास्तूत नेमक्या उलट पद्धतीने काम करणारा एक माणूस होता. नोव्हेंबर १९१४ पासून गुप्तवार्ता विभागाचे संचालक असलेले रेजिनाल्ड हॉल म्हणजे पहिल्या संचालकांचे चिरंजीव. डोळे सतत मिचकावण्याच्या सवयीमुळे त्यांना 'ब्लिंकर' म्हणत. उलगडलेला संदेश ही कामाची अखेर नसून सुरुवात आहे, हे त्यांनी ओळखले होते. तो कोणाला, केव्हा आणि कोणत्या रूपात दाखवायचा, यातच त्यांचे सारे कौशल्य होते.

१५/
१६ जानेवारी १९१७ रोजी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोसाठी एक तार पाठवली. अमेरिका युद्धात उतरली तर मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने लढावे. बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवण्यास साहाय्य मिळेल, असा तिचा आशय. शांतताचर्चेसाठी अमेरिकेनेच जर्मनीला आपली तार वापरू दिली होती आणि ती तार ब्रिटनमधून जात होती. डी ग्रे आणि माँटगोमेरी यांनी मजकूर उलगडायला घेतला. पण तो उघड केला असता, तर आम्ही मित्रराष्ट्र होऊ पाहणाऱ्या देशाच्या ताराही चोरून वाचतो, हे जगजाहीर झाले असते.

१६/
हॉल थांबले. आपल्याच परराष्ट्र खात्यालाही त्यांनी काही आठवडे पत्ता लागू दिला नाही. वॉशिंग्टनहून मेक्सिकोला गेलेल्या तारेची प्रत मेक्सिको सिटीतील तार कार्यालयातून मिळवली. ती जुन्या संकेतात असल्याने पूर्ण वाचता आली आणि गुपित मेक्सिकोत फुटले, असा देखावाही करता आला. फेब्रुवारीत तार अमेरिकी राजदूतांच्या हाती दिली. १ मार्चला ती अमेरिकेच्या वृत्तपत्रांत झळकली. ती खरी असल्याचे झिमरमान यांनी स्वतःच कबूल केले. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली. पाणबुड्यांचा अनिर्बंध हल्ला हेही त्याचे मोठे कारण होते, पण या तारेने अमेरिकी लोकमत पेटले यात संशय नाही.

१७/
मे १९१७ मध्ये अखेर रूम ४० हॉल यांच्या विभागात रीतसर सामील झाली. आता सुट्या संदेशांच्या चिठ्ठ्यांऐवजी अर्थ लावलेले अहवाल जाऊ लागले. पाणबुड्यांचा माग काढणारी माणसे आणि व्यापारी जहाजांच्या ताफ्यांचे मार्ग ठरवणारी माणसे जवळ आली. तीन वर्षे बंद असलेला दरवाजा उघडला. पण युद्ध संपले आणि शहाणपणही आवरून ठेवले गेले. १९१९ मध्ये नौदल व लष्कराचे संकेततज्ज्ञ एकत्र करून नवी संस्था काढली गेली आणि १९२२ मध्ये ती परराष्ट्र खात्याकडे गेली. नौदलाकडे स्वतःचे संकेततज्ज्ञ उरले नाहीत.

१८/
हा धडा विसरला नव्हता असा एक अधिकारी ॲडमिरल्टीत होता. हॉल यांच्या हाताखाली रूम ४० चा कारभार पाहिलेले विल्यम जेम्स आता वरिष्ठ पदावर होते. १९३७ मध्ये त्यांच्या सूचनेवरून 'ऑपरेशनल इंटेलिजन्स सेंटर' उभारण्याचे काम नॉर्मन डेनिंग या तरुण अधिकाऱ्याकडे आले. कल्पना साधी होती. उलगडलेले संदेश, बिनतारी यंत्रांच्या दिशा, विमानांची टेहळणी, जहाजांचे अहवाल असे सारे धागे एकाच खोलीत, एकाच नकाशावर यावेत. आणि तो नकाशा वाचणाऱ्याला थेट आरमाराशी बोलण्याचा अधिकार असावा. भारतातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग हे या नॉर्मन यांचे बंधू.

१९/
१९३९ मध्ये रिअर ॲडमिरल जॉन गॉडफ्री संचालक झाले. त्यांनी निवृत्त हॉल यांचा सल्ला घेतला आणि हॉल यांच्याप्रमाणेच नौदलाबाहेरची माणसे जमवली: वकील, प्राध्यापक, पत्रकार, शेअर दलाल. त्यांचे खासगी सहायक म्हणून 'रूम ३९' मध्ये बसणारे इयान फ्लेमिंग पुढे जेम्स बाँडचे जनक झाले. विभागाच्या शाखांना क्रमांक होते. डेनिंग यांचे केंद्र म्हणजे शाखा ८; शाखा १७ सर्व शाखांचा मेळ घाली. १९४३ मध्ये मृतदेहासोबत खोटे कागद स्पेनच्या किनाऱ्यावर सोडून जर्मनांना फसवणारे इवेन माँटेग्यू हे '१७ एम' चे. भूगोलाचे प्राध्यापक देशोदेशींच्या किनाऱ्यांची, बंदरांची माहितीपुस्तके लिहीत, तेही याच विभागासाठी.

२०/
गॉडफ्री यांच्या काळातील एक बारीक, पण फार मोलाची पद्धत सांगतो. प्रत्येक बातमीला दोन वेगळे शेरे मिळत: बातमी देणारा किती भरवशाचा, यासाठी एक अक्षर, आणि बातमी स्वतः कितपत संभवनीय, यासाठी एक अंक. उत्तम बातमीदारही चुकीची बातमी आणू शकतो आणि बेभरवशाच्या माणसाकडूनही कधी खरी बातमी येते. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की वाचणाऱ्याची फसगत कमी होते. इतिहासाची साधने तपासतानाही आपण हेच करायला हवे, नाही का?

२१/
रचना चांगली असली तरी माणसांनी एकमेकांचे ऐकावे लागते. १९४० च्या जूनमध्ये ब्लेचली पार्क या संकेतकेंद्रात बसलेले हॅरी हिन्स्ली हे २१ वर्षांचे केंब्रिजचे विद्यार्थी होते. संदेश उलगडत नव्हते, पण त्यांच्या येण्याजाण्याच्या पद्धतीवरून मोठ्या जर्मन युद्धनौका बाहेर पडत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी दूरध्वनीवरून ॲडमिरल्टीला इशारे दिले. एका कोवळ्या विद्यार्थ्याच्या तर्कावर आरमार कोण हलवणार? ८ जूनला 'ग्लोरियस' ही विमानवाहू नौका आणि तिच्या दोन विनाशिका नॉर्वेजवळ बुडाल्या. दीड हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर मात्र हिन्स्ली यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले जाऊ लागले.

२२/
पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या खोलीचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये रॉजर विन यांना मिळाले. ते पेशाने बॅरिस्टर. बालपणी पोलिओ झाल्याने चालताना लंगडत. त्यांचे तत्त्व असे, की पाणबुडी कोठे असेल याचा उत्तम अंदाज बांधायचा आणि तो खोटा ठरेपर्यंत खरा मानून ताफ्यांना वळवायचे. फेब्रुवारी ते डिसेंबर १९४२ या काळात जर्मनांनी अटलांटिकमधील पाणबुड्यांसाठी चार चाकांचे एनिग्मा यंत्र वापरल्याने ते संदेश वाचता येईनात, तेव्हा हाच अंदाज कामी आला. त्याच वर्षी वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी अमेरिकी नौदलालाही अशी खोली उभारण्यास राजी केले. १९४३ च्या मे महिन्यात ४१ जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या आणि जर्मनीला उत्तर अटलांटिकमधून माघार घ्यावी लागली. जहाजे, विमाने, रडार यांचे श्रेय त्यात आहेच. पण कोठे शोधायचे, हे त्या नकाशाने सांगितले.

२३/
तरीही जटलंडची सावली १९४२ मध्ये पुन्हा पडली. रशियाला रसद नेणारा 'पीक्यू १७' हा ३५ व्यापारी जहाजांचा ताफा आर्क्टिक समुद्रात होता. 'टिर्पिट्झ' ही महाकाय जर्मन युद्धनौका नॉर्वेच्या अल्टेनफ्योर्डमध्ये आली होती. ४ जुलैच्या संध्याकाळी नौदलप्रमुख सर डडली पाउंड डेनिंग यांच्याकडे आले. टिर्पिट्झ अजून तळावरच आहे, याची खात्री देता का, असा त्यांचा प्रश्न होता. डेनिंग यांचे मत होते की ती निघालेली नाही. निघाली असती तर पाणबुड्यांना तसे इशारे गेले असते आणि तसा एकही संदेश ऐकू आला नव्हता. पण नसलेल्या संदेशाचा पुरावा दाखवता कसा यावा?

२४/
पाउंड यांना होकार किंवा नकार हवा होता; डेनिंग यांच्यापाशी तर्क होता. रात्री साडेनऊच्या सुमारास ताफ्याला पांगण्याची आज्ञा गेली आणि संरक्षक युद्धनौका दूर झाल्या. टिर्पिट्झ दुसऱ्या दिवशी निघाली आणि ताफ्यापर्यंत न पोहोचताच परत फिरली. एकाकी पडलेल्या जहाजांचा फडशा जर्मन विमानांनी आणि पाणबुड्यांनी पाडला. २४ जहाजे बुडाली. १५३ व्यापारी खलाशी मेले. १९१६ मध्ये प्रश्न अपुरा विचारला गेला होता. १९४२ मध्ये प्रश्न असा विचारला गेला, की त्याचे प्रामाणिक उत्तर देणाऱ्याला खात्री देताच येऊ नये. डेनिंग यांना खात्रीऐवजी त्यांचे मत आणि त्यामागची कारणे विचारली असती, तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

२५/
आता कथा मुंबईकडे वळते. गॉडफ्री स्पष्टवक्ते आणि तापट. इतर दलांच्या गुप्तवार्ता प्रमुखांशी त्यांचे पटेना. १९४२ मध्ये त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि पुढच्या वर्षी 'रॉयल इंडियन नेव्ही'चे प्रमुख म्हणून हिंदुस्थानात पाठवण्यात आले. युद्धकाळात हे नौदल अनेक पटींनी वाढले होते. शिकलेले हजारो तरुण त्यात भरती झाले होते आणि निकृष्ट अन्न, वर्णभेद, उर्मट वागणूक यांनी ते धुमसत होते. बिनतारी संदेशांचे शिक्षण देणारे कुलाब्याचे 'तलवार' केंद्र हे त्या धगीचे एक ठिकाण होते.

२६/
डिसेंबर १९४५ मध्ये 'तलवार'च्या भिंतींवर 'चले जाव'च्या घोषणा उमटल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये बलाईचंद दत्त या नाविकाला अटक झाली. केंद्राच्या अधिकाऱ्याने शिवीगाळ केल्याच्या लेखी तक्रारी झाल्या. म्हणजे बातमी भिंतीवरही होती आणि कागदावरही. १८ फेब्रुवारीला नाविकांनी अन्न आणि काम नाकारले. संदेशयंत्रे त्यांच्याच हातांत असल्याने उठावाची वार्ता जहाजाजहाजांवर पसरली आणि सुमारे २०,००० नाविक त्यात सामील झाले. गॉडफ्री यांनी आकाशवाणीवरून बजावले, की नौदल नष्ट झाले तरी चालेल, पण सरकार सर्व बळ वापरील. २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले.

२७/
जर्मन युद्धनौकांची हालचाल टिपणारी यंत्रणा चालवलेला हा माणूस स्वतःच्या नौदलातील खदखद वेळीच ओळखू शकला नाही. याला केवळ व्यक्तीचा दोष म्हणता येणार नाही. शत्रूचे बोलणे ऐकण्यासाठी ब्रिटिशांनी एवढी मोठी व्यवस्था उभारली. आपल्याच नाविकाची तक्रार वरपर्यंत नेणारी वाट मात्र बांधली नाही. तक्रार ही बेशिस्त मानली गेली, बातमी मानली गेली नाही.

२८/
डेनिंग पुढे व्हाइस ॲडमिरल आणि नौदल गुप्तवार्ता विभागाचे शेवटचे संचालक झाले. १९६४ मध्ये तिन्ही दलांची गुप्तवार्ता संरक्षण मंत्रालयात एकत्र आणण्यात आली आणि १८८७ पासूनचा तो स्वतंत्र विभाग इतिहासजमा झाला.

मित्रांनो, पुढच्या वेळी कोणत्याही युद्धाचा इतिहास वाचताना 'त्यांना ठाऊक नव्हते' असे वाक्य आले, की थोडे थांबा. कोणाला ठाऊक नव्हते? कोणाला ठाऊक होते? आणि त्या दोघांच्या मध्ये किती दरवाजे होते? आपल्या इतिहासातील असा एखादा प्रसंग तुमच्या वाचनात आला असेल, तर खाली जरूर लिहा. धागा समाप्त.